एक्सेल दर वेळी 'लेटर' कागद का मागतं आणि ते कायमचं कसं थांबवायचं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसच्या प्रिंटरमध्ये ए४ कागद भरलेला आहे. पत्रं, पीडीएफ, ईमेल सगळं नीट छापलं जातं. एक्सेलची फाइल पाठवली की मात्र प्रिंटरचा दिवा लुकलुकायला लागतो, पॅनेलवर 'लोड लेटर' (लेटर हा अमेरिकेत चालणारा, ए४पेक्षा थोडा वेगळा कागदाचा आकार) किंवा 'पेपर मिसमॅच' असं काहीतरी येतं आणि छपाई तिथेच थांबते. पेज सेटअपमध्ये जाऊन ए४ निवडलं की पान निघतं, पण पुढच्या फाइलला पुन्हा तीच कसरत. कधी कधी तक्ता संपल्यावरही कोरी पानं निघत राहतात. डीफॉल्ट सेटिंग एकदाच बदलून हे सगळ्यांसाठी कायमचं मिटवता येईल का?

येईल, पण 'डीफॉल्ट' नावाचं एकच बटण कुठेही नाही, हे आधी लक्षात घ्या. बहुतेक जण प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ए४ करतात, दोन दिवस बरे जातात, मग एखादी जुनी फाइल उघडली की तोच दिवा पुन्हा लुकलुकतो. मग प्रिंटर बदलायची भाषा सुरू होते. प्रिंटरचा यात बहुधा काहीच दोष नसतो. कागदाचा आकार एक्सेलच्या फाइलमध्येच, तोही प्रत्येक शीटसाठी वेगळा साठवलेला असतो. डीफॉल्ट बदलल्याने फक्त यापुढे तयार होणाऱ्या फाइली सुधारतात. आधीच्या फाइली स्वतःची सेटिंग स्वतःबरोबर घेऊन फिरतात. म्हणून हे काम दोन भागांत करावं लागतं: नव्या फाइलींचा उगम दुरुस्त करायचा आणि जुन्या फाइली एकदा हाताखालून घालायच्या.

त्याआधी आत्ता अडकलेल्या जॉबचं, म्हणजे प्रिंटरकडे पाठवलेल्या छपाईच्या कामाचं बघू. रांगेत पुढे उभा असलेला एक 'लेटर'चा जॉब मागच्या सगळ्यांची कामं रोखून धरतो. बऱ्याच प्रिंटरवर पॅनेलवरचं 'ओके' किंवा 'कंटिन्यू' दाबलं की आहे त्या कागदावर छपाई होते. नाही झाली तर विंडोजमधून प्रिंटरची रांग उघडून तो जॉब रद्द करा. 'डिलीटिंग' असं दाखवत तो तसाच चिकटून राहिला, तर विंडोजच्या 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर', म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम थांबवा, विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधल्या 'स्पूल' आणि त्यातल्या 'प्रिंटर्स' फोल्डरमधल्या फाइली पुसा आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. असं केल्याने रांगेतले सगळेच जॉब जातात, तेव्हा शेजारच्यांना विचारून करा.

आता मूळ कारण. ए४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. लेटर म्हणजे साडेआठ बाय अकरा इंच, म्हणजे २१५.९ बाय २७९.४ मिलिमीटर. लेटर जवळपास सहा मिलिमीटर रुंद आणि साडेसतरा मिलिमीटर आखूड. अमेरिका आणि कॅनडात लेटर चालतो, जगात इतरत्र बहुतेक ठिकाणी ए४. नुसत्या नजरेला दोन्ही कागद सारखेच वाटतात आणि म्हणून स्क्रीनवर चूक दिसत नाही. प्रिंटरला मात्र ट्रेमध्ये असलेला आकार माहीत असतो. जॉबमध्ये मागितलेला आकार त्याच्याशी जुळला नाही, की योग्य कागद येईपर्यंत तो थांबतो. त्याने असं थांबणं बरोबरच आहे. लेबल, पाकिटं किंवा चेक छापणाऱ्या ठिकाणी चुकीच्या कागदावर गेलेली छपाई महागात पडते.

एक्सेलची आजची फाइल आतून एक झिप, म्हणजे अनेक छोट्या फाइलींचा एकत्र बांधलेला गठ्ठा असते. त्यात प्रत्येक शीटची स्वतंत्र फाइल असते आणि तिच्यात पानाच्या मांडणीची एक ओळ. त्या ओळीत कागदाचा आकार नावाने नाही, आकड्याने लिहिलेला असतो: १ म्हणजे लेटर, ५ म्हणजे लीगल, ८ म्हणजे ए३, ९ म्हणजे ए४. पानाच्या मांडणीची ओळ आहे पण आकडा लिहिलेलाच नाही, अशा वेळी या फाइल-प्रकाराच्या नियमानुसार तो १ धरायचा असतो, म्हणजे लेटर. हिशेबाच्या किंवा हजेरीच्या सॉफ्टवेअरमधून 'एक्स्पोर्ट टू एक्सेल' करून काढलेल्या फाइली हमखास लेटर का मागतात, त्याचं एक कारण हे आहे. ती फाइल बनवणाऱ्या प्रोग्रामने कागदाचा विचारच केलेला नसतो.

त्याच झिपमध्ये बऱ्याचदा आणखी एक गोष्ट असते: शेवटी ज्या प्रिंटरसाठी पान मांडलं, त्याच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगचा एक गठ्ठा. कोणता ट्रे, एक बाजू की दोन्ही बाजू, रंगीत की काळं-पांढरं, छपाईची गुणवत्ता असं सगळं त्यात येतं. हाही शीटगणिक वेगळा. म्हणजे एखाद्याने पूर्वी दुसऱ्या प्रिंटरवर 'मॅन्युअल फीड' निवडून छापलेली फाइल तुमच्याकडे आली, तर तीच सूचना तुमच्या प्रिंटरलाही जाऊ शकते आणि ट्रेमध्ये ए४ असूनही प्रिंटर हाताने कागद घालायला सांगतो. आकार बरोबर आहे आणि तरी अडतंय, असं असेल तेव्हा आधी संशय इथे घ्या.

हे कळलं की कोणत्या क्रमाने जायचं तेही कळतं. नवी कोरी वर्कबुक उघडताना एक्सेल डीफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरला विचारतं की तुझा नेहमीचा कागद कोणता. ड्रायव्हर 'लेटर' म्हणाला तर लेटर आणि फाइल सेव्ह केल्यावर तेच तिच्यात कोरलं जातं. म्हणून सुरुवात ड्रायव्हरपासून करा.

विंडोजमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' उघडा, तुमचा प्रिंटर निवडा आणि 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मध्ये जा. इथे एक गोष्ट हमखास निसटते. 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' नावाची जी खिडकी आहे, ती फक्त तुमच्या लॉगिनपुरती असते. तिथे ए४ केलं आणि त्याच संगणकावर दुसऱ्या कोणी लॉगिन केलं, तर त्याला जुनंच दिसेल. सगळ्यांसाठी बदलायचं तर प्रॉपर्टीजमधल्या 'ॲडव्हान्स्ड' टॅबवरचं 'प्रिंटिंग डीफॉल्ट्स' हे बटण वापरा आणि तिथे ए४ करा. त्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. ज्यांनी आधीच स्वतःच्या प्रेफरन्सेस बदलून ठेवल्या आहेत, त्यांच्याकडे मात्र ते जाऊन वेगळं पाहा. प्रिंटर सर्व्हरवरून सर्वांना दिलेला असेल, तर हे काम सर्व्हरवर करायचं, प्रत्येक टेबलावर फिरत बसायचं नाही.

लेझर प्रिंटरच्या बऱ्याच ड्रायव्हरमध्ये 'डिव्हाइस सेटिंग्ज' नावाचा टॅब असतो आणि त्यात 'फॉर्म टू ट्रे असाइनमेंट', म्हणजे कोणत्या ट्रेमध्ये कोणता कागद याची यादी. तिथे ट्रे दोनसमोर लेटर लिहिलेलं असेल, तर बाकी सगळीकडे ए४ करूनही गोंधळ राहतो. ते बदला. मग प्रिंटरजवळ जाऊन त्याच्या स्वतःच्या पॅनेलवर ट्रेचा आकार ए४ आहे ना ते पाहा आणि ट्रेच्या आतल्या पट्ट्या कागदाला टेकवून ए४च्या खुणेवर आणा. काही प्रिंटर त्या पट्ट्यांवरूनच आकार ओळखतात. पट्टी पाच-सहा मिलिमीटर सैल असली तर ए४ला प्रिंटर लेटर समजू शकतो. दोन्ही कागदांच्या रुंदीतला फरक तेवढाच आहे. पॅनेलच्या मेनूत ए४ आणि लेटरची आपोआप अदलाबदल करण्याची सोयही अनेक प्रिंटरवर असते. ती चालू करून ठेवा, बाहेरून आलेल्या फाइलींसाठी ती उपयोगी पडते. पण केवळ तिच्यावर विसंबू नका. एखाद्या प्रिंटरवर ती नसते आणि असली तरी लेटरसाठी मांडलेलं पान ए४वर कडेला कापलं जाऊ शकतं.

विंडोजचा डीफॉल्ट प्रिंटर कोणता आहे, हेही याच बैठकीत नक्की करा. 'लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर' ही सोय चालू असेल, तर तुम्ही शेवटी वापरलेला प्रिंटर डीफॉल्ट होतो. म्हणजे काल कोणी पीडीएफ बनवण्यासाठी आभासी प्रिंटर वापरला की आज नव्या एक्सेल फाइलीचा कागद त्या आभासी प्रिंटरच्या मर्जीने ठरणार. कधी ए४ येतं, कधी लेटर, काही ताळमेळ लागत नाही, अशी तक्रार असते तेव्हा मी सर्वांत आधी हीच खूण काढून टाकतो आणि खरा प्रिंटर हाताने डीफॉल्ट करतो. विंडोजमधला प्रदेश अमेरिका असा राहून गेला असेल तर तोही बदला. संगणक पहिल्यांदा सुरू करताना घाईत 'नेक्स्ट' दाबत गेलं की तो तसाच राहतो आणि त्यानंतर बसवलेले ड्रायव्हर लेटर धरून चालतात. मॅकवर हेच काम 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मधल्या 'डीफॉल्ट पेपर साइज'ने होतं.

आता एक्सेलकडे. ड्रायव्हर सुधारला की नव्या फाइली बहुधा ए४ येतात. पण माझा आग्रह असा की एवढ्यावर थांबू नका, स्वतःचं टेम्प्लेट, म्हणजे नव्या फाइलींसाठी तयार साचा करा. त्यात नुसता कागद नाही, तर मार्जिन, आडवं की उभं, पानाचा आकडा हे सगळं एकदाच ठरवता येतं आणि प्रिंटर बदलला तरी ते टिकतं.

एक कोरी वर्कबुक उघडा. 'पेज लेआउट' टॅबवर 'साइज'मध्ये ए४ निवडा. मार्जिन बघा: एक्सेलचं नेहमीचं मार्जिन डाव्या-उजव्या बाजूला ०.७ इंच आणि वर-खाली ०.७५ इंच असतं, ते बहुतेक प्रिंटरना सहज चालतं. कोणी जागा वाचवायला ते शून्याजवळ नेलं तर प्रिंटर 'मार्जिन छपाईच्या क्षेत्राबाहेर' असं सांगतो किंवा कडेचे आकडे गिळतो, कारण बहुतेक प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापू शकत नाहीत. 'स्केल टू फिट'मध्ये 'विड्थ'ला '१ पेज' द्या आणि 'हाइट'ला 'ऑटोमॅटिक' ठेवा. फूटरमध्ये पानाचा आकडा टाका. मग 'सेव्ह ॲज'मध्ये प्रकार 'एक्सेल टेम्प्लेट' निवडा आणि फाइलला इंग्रजीत 'बुक' हे नाव द्या, दुसरं काही नको.

आता ही फाइल ठेवायची जागा. प्रकार 'टेम्प्लेट' निवडताच एक्सेल आपणहून 'कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स' फोल्डरवर उडी मारतं. तिथे सेव्ह केलं तर काहीच परिणाम होत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते. फाइल जायला हवी 'एक्सएलस्टार्ट' नावाच्या फोल्डरमध्ये. तो कुठे आहे ते एक्सेलच सांगतं: 'फाइल', 'ऑप्शन्स', 'ट्रस्ट सेंटर', 'ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज', 'ट्रस्टेड लोकेशन्स'. त्या यादीत 'यूझर स्टार्टअप' असं वर्णन असलेली जी जागा आहे, तो पत्ता कॉपी करा आणि 'सेव्ह ॲज'च्या खिडकीत चिकटवा.

याच फाइलची आणखी एक प्रत, एकच शीट असलेली, इंग्रजीत 'शीट' या नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवा. कारण 'बुक' टेम्प्लेट फक्त नव्या वर्कबुकला लागू होतं. चालू वर्कबुकमध्ये अधिकच्या खुणेवर क्लिक करून जे नवं शीट येतं, ते 'शीट' टेम्प्लेट पाहतं. हे दुसरं टेम्प्लेट नसेल तर पहिली शीट ए४ आणि नंतर जोडलेल्या शीट मूळ डीफॉल्टच्या, असा मिश्र प्रकार तयार होतो. आणि मग पहिलं पान छापून प्रिंटर मध्येच थांबतो, जे सुरुवातीलाच थांबण्यापेक्षा जास्त गोंधळात टाकणारं आहे.

टेम्प्लेट जागेवर असूनही ते लागू होत नाही, असं दोन ठिकाणी घडतं. एक्सेल उघडल्यावर जी सुरुवातीची पाटी येते, तिच्यावरच्या 'ब्लँक वर्कबुक' चौकोनावर क्लिक केलं तर एक्सेल स्वतःचा कोरा साचा घेतं, तुमचा नाही. कंट्रोल आणि एन दाबलं तर तुमचा घेतं. म्हणून 'ऑप्शन्स'च्या 'जनरल' भागातली, सुरुवातीची पाटी दाखवण्याची खूण काढून टाका. मग एक्सेल थेट तुमच्या टेम्प्लेटवर उघडतं. दुसरं ठिकाण म्हणजे डेस्कटॉपवर राईट क्लिक करून 'न्यू'मधून बनवलेली एक्सेल फाइल. ती तुमच्या टेम्प्लेटकडे पाहतच नाही. ज्यांना ती सवय आहे, त्यांना आधी एक्सेल उघडायला सांगा.

जुन्या फाइलींचं काम कंटाळवाणं आहे, पण एका फाइलीला मिनिटभर पुरतं. खालच्या कोणत्याही शीटच्या टॅबवर राईट क्लिक करून 'सिलेक्ट ऑल शीट्स' घ्या. वर खिडकीच्या नावापुढे 'ग्रुप' असं दिसेल. आता 'पेज लेआउट'मधल्या 'साइज'मधून ए४ निवडा. मग पुन्हा टॅबवर राईट क्लिक करून 'अनग्रुप शीट्स' करा आणि मगच सेव्ह करा. हे अनग्रुप विसरू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. ग्रुप असताना एका शीटच्या एका चौकटीत जे टाइप कराल, ते सगळ्या शीटच्या त्याच चौकटीत जातं, आधीचं पुसून. बारा महिन्यांच्या बारा शीट असतील तर एका आकड्याने बाराही बिघडतात आणि ते कळायला कित्येक आठवडे जातात.

ग्रुप असताना 'पेज सेटअप'ची मोठी खिडकी उघडून 'ओके' केलंत, तर समोरच्या शीटची सगळी मांडणी बाकीच्यांवर उतरते: आडवं-उभं, मार्जिन, हेडर, स्केल, सगळं. सगळ्या शीट एकसारख्या हव्या असतील तेव्हा हे सोयीचं आहे. पण एक शीट मुद्दाम आडवी ठेवलेली असेल तर ती उभी होईल. फक्त कागद बदलायचा असेल तेव्हा रिबनवरचं 'साइज' बटणच वापरा. लपवलेल्या शीट या निवडीत येत नाहीत; त्या कधी दाखवून छापणार असाल तर आधी 'अनहाइड' करा.

फाइली शेकड्यांनी असतील तर फोल्डरमधली प्रत्येक फाइल उघडून प्रत्येक शीटला ए४ करणारा छोटा मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्येच चालणारा छोटा प्रोग्राम लिहून घ्यावा. लिहिणाऱ्याला दोन गोष्टी सांगा. पानाची मांडणी बदलताना एक्सेल प्रत्येक सेटिंगला प्रिंटरशी बोलतं आणि त्यात फार वेळ जातो. एक्सेल २०१० पासून हे बोलणं तात्पुरतं बंद ठेवायची सोय आहे, ती वापरावी. आणि ज्या संगणकावर एकही प्रिंटर बसवलेला नाही, किंवा डीफॉल्ट प्रिंटरला ए४ माहीतच नाही, तिथे असा मॅक्रो त्रुटी देऊन थांबतो. उदाहरणार्थ, डीफॉल्ट म्हणून लेबलचा छोटा प्रिंटर असेल तर. मॅक्रो चालवण्याआधी सगळ्या फोल्डरची प्रत काढून ठेवा.

ट्रे किंवा दोन्ही बाजूंच्या छपाईची जुनी सूचना एखाद्या शीटमध्ये अडकून बसली असेल, तर 'पेज सेटअप'च्या खिडकीत 'ऑप्शन्स' नावाचं बटण आहे. ते ड्रायव्हरची खिडकी उघडतं. तिथे ट्रे 'ऑटोमॅटिक' किंवा तुमचा नेहमीचा ट्रे करा आणि फाइल सेव्ह करा. तरीही हटत नसेल तर नवीन शीट घ्या, जुन्या शीटमधल्या चौकटी निवडून तिथे कॉपी करा आणि दुसऱ्या शीटमधले फॉर्म्युले जुन्या शीटकडे पाहत असतील तर ते वळवून घ्या. 'मूव्ह ऑर कॉपी'ने अख्खी शीट हलवली तर पानाची मांडणी सोबत जाते आणि दुखणं तसंच राहतं. नुसत्या चौकटी कॉपी केल्या तर ते मागे राहतं.

'प्रिंट एंटायर वर्कबुक' निवडून दोन्ही बाजूंनी छापताना पहिल्या शीटनंतर एकाच बाजूने छपाई व्हायला लागते किंवा पीडीएफ करताना एकाऐवजी तीन-चार फाइली निघतात, याचंही मूळ इथेच आहे. शीटशीटच्या सेटिंग वेगळ्या, म्हणून एक्सेल एकाच छपाईचे वेगवेगळे जॉब पाडतं. सगळ्या शीट ग्रुप करून दोन्ही बाजूंची निवड आणि 'प्रिंट क्वालिटी' सारखी करा.

बाहेरून येणाऱ्या फाइलींवर तुमचा ताबा नाही. त्यांच्यासाठी एक्सेलच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'ॲडव्हान्स्ड' भागात, अगदी खाली 'जनरल'खाली, ए४ आणि साडेआठ-अकराच्या कागदांत मजकूर जुळवून घेण्याची एक खूण आहे. ती चालू असेल तर लेटरसाठी मांडलेली फाइल ए४वर छापताना एक्सेल मजकूर बसवून घेतं. याचा परिणाम फक्त छपाईवर होतो, फाइलमधली मांडणी बदलत नाही. लीगल किंवा इतर आकारांना ती लागू नाही. बऱ्याच संगणकांवर ही खूण चालूच असते, तरी एकदा पाहून घ्या.

लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये कागदाचा आकार 'पेज स्टाइल'मध्ये असतो. कोऱ्या फाइलमध्ये स्टाइल ए४ करा, फाइल टेम्प्लेट म्हणून जतन करा आणि ते टेम्प्लेट डीफॉल्ट करा. तिथेही फाइलसोबत प्रिंटरच्या सेटिंग येतात. 'ऑप्शन्स'मधल्या 'लोड/सेव्ह'च्या 'जनरल' पानावर त्या फाइलबरोबर न उघडण्याची सोय आहे. गूगल शीट्समध्ये कागद दोनदा जुळवावा लागतो: एकदा शीट्सच्या छपाईच्या पडद्यावर आणि पुन्हा ब्राउझरच्या छपाईच्या खिडकीत. पहिल्या ठिकाणी ए४ आणि दुसऱ्या ठिकाणी लेटर राहिलं तर प्रिंटर पुन्हा थांबतो.

वर टेम्प्लेटमध्ये रुंदी एक पान करायला सांगितलं, त्यामागे कारण आहे. एक्सेलमध्ये कॉलमची रुंदी अक्षरांच्या मापात मोजली जाते आणि पान कुठे तुटणार हे प्रिंटरच्या ड्रायव्हरवरही अवलंबून असतं. त्यामुळे एका प्रिंटरवर बरोबर बसलेला तक्ता दुसऱ्यावर केसभर रुंद होतो आणि शेवटचा 'एकूण' कॉलम एकटाच पुढच्या पानावर जातो. रुंदी एक पान ठरवली की हे होत नाही. पण उंचीही एक पान करू नका. तीनशे ओळींचा तक्ता एका पानात कोंबला तर अक्षरं मुंगीएवढी होतात. रुंदी बसवल्यावरही 'स्केल' किती टक्के झालं ते बघा: ११ पॉइंटचं अक्षर ६० टक्क्यांवर ६.६ पॉइंटचं होतं आणि त्याखाली वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास होतो. तिथपर्यंत गेलं तर पान आडवं करा, नको असलेले कॉलम लपवा किंवा त्या एका शीटपुरता ए३ घ्या.

राहिली कोरी पानं. त्यांना प्रिंटर जबाबदार नाही आणि कागदाचा आकारही नाही. एक्सेलला जिथपर्यंत काही आहे असं वाटतं, तिथपर्यंत ते छापतं. कंट्रोल आणि एंड दाबा. कर्सर एक्सेलच्या मते शेवटच्या चौकटीवर जाईल. तुमचा तक्ता ८० ओळींचा आणि कर्सर ९५०व्या ओळीवर गेला, तर मधे कुठेतरी एखादी स्पेस, चौकटीला दिलेली रेघ किंवा काहीच न दाखवणारा फॉर्म्युला उरला आहे. ८१व्या ओळीपासून खालच्या सगळ्या ओळी डावीकडच्या आकड्यांवरून निवडा, राईट क्लिक करून 'डिलीट' करा आणि फाइल सेव्ह करा. कीबोर्डवरची डिलीट कळ पुरत नाही; तिने मजकूर जातो, रेघा राहतात. उजवीकडच्या कॉलमांचंही तसंच करा.

त्याऐवजी 'प्रिंट एरिया' ठरवून टाकणं सोपं वाटतं आणि न वाढणाऱ्या तक्त्याला ते चांगलंच आहे. पण ज्यात रोज ओळी वाढतात, अशा तक्त्याला पक्का प्रिंट एरिया दिला तर नव्या ओळी गुपचूप छपाईतून गळतात आणि ते कोरं पान निघण्यापेक्षा वाईट. अशा वेळी ओळींसकट चौकोन न निवडता वरच्या अक्षरांवरून अख्खे कॉलम निवडा, समजा ए ते एच, आणि मग प्रिंट एरिया द्या. एक्सेल त्या कॉलमांतल्या शेवटच्या भरलेल्या ओळीपर्यंतच छापतं आणि तक्ता वाढला की छपाईही वाढते. प्रत्येक पानावर शीर्षकाची ओळ यायला हवी असेल तर ती 'पेज लेआउट'मधल्या 'प्रिंट टायटल्स'मधून द्या. छपाईच्या पडद्यावरून पेज सेटअप उघडला तर तो रकाना आणि प्रिंट एरियाचा रकाना दोन्ही फिकट दिसतात, तिथून ते बदलता येत नाहीत. हे सगळं झालं की छपाईच्या पडद्यावर खाली लिहिलेला पानांचा आकडा तुमच्या अंदाजाशी जुळतो का आणि कागदाच्या रकान्यात ए४ आहे का, एवढं पाहून मग प्रिंटचं बटण दाबा.